मुलाणीबाई आणि शिंप्याचा पिक्चर

मुलाणीबाई गेल्याचं मला कळलं तेव्हा मी शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवत होतो. फोन कोल्हापूरहून, त्यांच्या मुलीचा होता. बाई सकाळी चहा पिऊन खुर्चीत बसल्या आणि बसल्याबसल्याच गेल्या, असं ती म्हणाली. दवाखाना नाही, काही नाही. मी फोन ठेवला आणि वाईट वाटायच्या आधी मला हसू आलं. कारण मनात जे पहिलं वाक्य उमटलं, ते त्यांच्याच आवाजात उमटलं: "बघा विज्ञान, चहा संपवून निघाले. टाकला नाही."

त्या मला 'विज्ञान' म्हणायच्या. गणिताच्या सरांना 'गणित', इंग्रजीच्या मॅडमना 'इंग्रजी'. आमच्या शाळेत माणसं बदलतात, विषय बदलत नाहीत, मग नवी नावं कशाला पाठ करायची, असं त्यांचं म्हणणं. मी शिवऱ्याहून मोटरसायकलवर किकवीच्या त्या शाळेत पहिल्यांदा रुजू व्हायला गेलो, तेव्हा त्यांनी मला खालीवर पाहिलं आणि नाव न विचारता सांगितलं, "विज्ञान, तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. पिशवी उजव्या हातात घेत चला."

हे त्या उगाच म्हणत नसत. बाईंचे वडील भोरच्या बाजारपेठेत शिंपी होते. मशिनीच्या पायडलजवळ बसून बाईंनी अभ्यास केला, बीएड केलं, इतिहासाच्या शिक्षिका झाल्या. पण नजर शिंप्याचीच राहिली. त्यांच्या पिशवीत खडू, डबा आणि इंचटेप या तीन वस्तू कायम असत. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पाचवीच्या मुलांना रांगेत उभं करून त्या नुसत्या नजरेने मापं सांगायच्या आणि मग खात्रीसाठी टेप लावायच्या. चूक निघाली तर मुलाला म्हणायच्या, "तू श्वास रोखलास. सोड बघू."

ठेंगण्या, गोलसर, कपाळावर कायम घामाचे चार थेंब, आणि हसू लागल्या की शेजारच्या वर्गातला फळा थरथरावा असं हसणं. भोरहून एसटीने यायच्या, एसटीने जायच्या. बसमध्ये त्यांच्याशेजारी जो बसेल त्याची किकवी येईपर्यंत पूर्ण हकिकत निघे. एकदा एका गृहस्थाने त्यांना सांगितलं, की माझ्या बायकोलासुद्धा हे मी अजून बोललो नाही. बाई म्हणाल्या, "मग आज बोला. मी पुढच्या आठवड्यात विचारणार आहे." आणि त्यांनी विचारलं.

इतिहास शिकवायची त्यांची रीत वेगळी होती. कुठलीही लढाई आली, की सनावळी झटपट उरकून त्या मुलांना विचारायच्या, "आणि त्या दिवशी गावात स्वयंपाक कुणी केला? कशाचा केला? पाणी कुठून आणलं?" पुस्तकात उत्तर नसे. मग मुलं आजीला विचारून येत, आत्याला विचारून येत, आणि तास रंगे. उत्तरपत्रिकेत त्या चुकीवर फुली मारत नसत. समासात लाल पेनने लिहीत, 'मग?'

एकदा तपासणीला अधिकारी आले. कडक गृहस्थ. त्यांनी दहावीच्या एका मुलीला उभं केलं आणि महायुद्धाची कारणं विचारली. मुलगी म्हणाली, "कारणं चार आहेत सर. पण आधी पाव कसा मोजून द्यायचे ते सांगू का?" मुख्याध्यापकांनी डोळे मिटले. मुलीने रेशनच्या रांगा सांगितल्या, पिठात लाकडाचा भुसा मिसळायचे ते सांगितलं, बटाट्याची सालं उकडून खाणारी माणसं सांगितली. अधिकारी ऐकत राहिले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "माझी आजी दुष्काळातल्या त्या परदेशी लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचं सांगायची. घशाखाली उतरायची नाही म्हणे." तपासणी तिथेच संपली. दीड तास ते मिलोवरच बोलत होते. जाताना शेरेबुकात त्यांनी काय लिहावं? 'अध्यापन पोषक आहे.'

आता पिक्चरचं सांगतो, कारण मुलाणीबाई म्हटलं की आमच्या भागात आजही लोक आधी त्याच दिवसाची आठवण काढतात.

बाईंच्या जावयाने त्यांना एका परदेशी सिनेमाचा पेनड्राइव्ह दिला होता. त्याचं मूळ नाव आमच्यापैकी कुणालाच उच्चारता आलं नाही. आम्ही त्याला 'शिंप्याचा पिक्चर' म्हणायला लागलो. कुठल्यातरी बर्फाळ देशाचा हुकूमशहा. लढाई हरत आलेला आहे, शहर वर जळतंय, आणि हा राजवाड्याच्या तळघरात बसून विजयाच्या दिवशी घालायचा नवा गणवेश शिवून घेतोय. त्यासाठी शहरातला एक साधा शिंपी रोज तळघरात येतो. गंमत अशी, की हुकूमशहा दिवसेंदिवस वाळत चाललाय. काल बरोबर बसलेला कोट आज खांद्यावरून ओघळतो. शिंपी रोज तो उसवतो, आत घेतो, पुन्हा टीप मारतो. पण "साहेब, तुम्ही वाळलात" असं म्हणायची त्याची छाती नाही. तो म्हणतो, "कापड सैल पडलं, साहेब." सेनापतीही तसेच. हरलेल्या पलटणी जिंकल्या म्हणून सांगतात. आणि संध्याकाळी शिंपी घरी जातो तेव्हा त्याच्याबरोबर आपल्यालाही ते शहर दिसतं. पडद्याच्या कापडाचे पोरांना कोट शिवणारी त्याची बायको, पावाच्या रांगेत पहाटेपासून जागा धरून बसणारी त्याची म्हातारी आई.

बाईंनी तो घरी चार वेळा पाहिला आणि ठरवलं, की दहावीला हाच धडा. मुख्याध्यापक म्हणाले, "अभ्यासक्रमात आहे का?" बाई म्हणाल्या, "हुकूमशाही आहे, महायुद्ध आहे, आणि शिंपी नाही. तो मी घालते."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर हॉलमध्ये खेळ ठेवला. खिडक्यांना ताडपत्र्या आणि घोंगड्या लावून अंधार केला. प्रोजेक्टर माझ्याकडे, कारण विज्ञान. दहावी बसवायची होती, पण बातमी फुटली आणि आठवी, नववी, कुणाकुणाच्या आया, आणि शाळेत खिचडी शिजवणारी पारूबाई डाव हातात घेऊन दारात. पिक्चर सुरू झाला. पात्रं भराभर बोलत होती आणि खाली इंग्रजी अक्षरं त्याहून भराभर पळत होती. दोन मिनिटांत मागून आवाज आला, "बाई, काय म्हनतोय त्यो?"

बाईंनी माइक घेतला. आधी पुस्तकी मराठीत सुरू केलं, "सेनापती, आपले सैन्य कोठवर आले आहे?" मुलं चुळबुळ करायला लागली. बाईंनी दोन वाक्यं तशीच रेटली, मग थांबल्या, पदर खोचला आणि आवाजच बदलला.

"काय रं, पलटन कुठवर आली?"

"आली सायेब, आलीच. वाटंत हाये."

हॉल जागा झाला. पडद्यावरचा हुकूमशहा नकाशावर हात आपटत होता आणि बाई छडी काठीसारखी आपटत बोलत होत्या, "माजं म्हननं काय हाये, त्यांना नदी वलांडून यिऊच द्यायचं न्हाई! कळ्ळं का न्हाई?"

"कळ्ळं सायेब. पर नदी त्यांनी परवाच वलांडली."

"मंग परवाच्या तारखंचा हुकूम काडा!"

जो हशा पिकला! पारूबाई दाराला टेकून हसत होती. मुलं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. आणि मीही हसत होतो, पण एक डोळा दाराकडे ठेवून. कारण तो आवाज आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा होता. 'माजं म्हननं काय हाये'ने सुरू होऊन 'कळ्ळं का न्हाई'ने संपणारी वाक्यं आमच्या पंचक्रोशीत एकच माणूस बोलायचा. संस्थेचे अध्यक्ष आबा. ऐंशीला टेकलेले, हातात काठी, कानाने कमी, आणि संस्था त्यांनीच उभी केलेली असल्यामुळे त्यांच्यापुढे 'नाही' म्हणायची कुणाला सवय उरली नव्हती. बाईंनी मला नंतर शपथेवर सांगितलं, की त्यांनी ठरवून केलं नव्हतं. हुकूम म्हटल्यावर घशातून तोच आवाज आला.

नेमके त्याच वेळी आबा दारात आले. शाळेत सिनेमा चाललाय असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. पारूबाई बाजूला सरली. आबा शेवटच्या खुर्चीवर बसले. मी प्रोजेक्टरपाशी उभा राहून बाईंना खुणा करत होतो, पण त्यांचं तोंड पडद्याकडे. हसणं मागून पुढे एकेक रांग करत विझत गेलं. पुढच्या रांगेपर्यंत शांतता आली तेव्हा बाई वळल्या. पडद्यावर हुकूमशहाचं तोंड नुसतंच हलत होतं.

"थांबला का?" आबा म्हणाले. "चालू द्या की."

बाईंपुढे मोठा पेच. आवाज बदलावा तर कबुली दिल्यासारखं, न बदलावा तर आगाऊपणा. त्यांनी छडी तीनदा आपटली आणि त्याच आवाजात पुढचं वाक्य म्हटलं. हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

मग रांगेचा प्रसंग आला. शिंप्याची आई पावाच्या रांगेत बसलेली असते. विमानं येतात. धूर, पळापळ. धूर खाली बसतो आणि माणसं एकेक करून परत येऊन रांग धरतात, जशीच्या तशी, आपापल्या जागी. एका जागी फक्त म्हातारीची टोपली असते. मागची बाई ती जागा भरून काढत नाही. तेवढं अंतर तसंच ठेवून उभी राहते. रांग पुढे सरकते तसं ते अंतरही पुढे सरकतं, कुणीतरी टोपली उचलून पुढे ठेवत जातं.

खाली अक्षरं पळत होती, पण बाईंनी माइक खाली केला होता. पारूबाईचा आवाज तेवढा आला, "आगं बया, रांगंत व्हती की म्हातारी." तेवढंच.

पिक्चर संपला. आबा उठले, बाहेर गेले, जीपचा आवाज आला आणि गेला.

सोमवारी मुख्याध्यापकांनी बाईंच्या हातात कागद दिला. विषय होता, 'मा. अध्यक्षांच्या आवाजाची विद्यार्थ्यांसमोर नक्कल केल्याबाबत खुलासा.' आमच्या संस्थेची एक शाळा वेल्ह्याच्या पार आत, डोंगरात आहे. दिवसातून एक एसटी. अध्यक्षांची मर्जी फिरली की माणूस तिकडे जातो, हे सगळ्यांना माहीत. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं होती आणि त्यांच्या मिस्टरांची नुकतीच बायपास झालेली. रोज संध्याकाळी घरी पोचणं त्यांना भाग होतं.

बाईंनी मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून खुलासा लिहिला. तो मला पाठ आहे.

'महोदय, सदर चित्रपटातील व्यक्ती कुणाचेही ऐकून घेत नाही. तिच्या तोंडी कोणता आवाज द्यावा याचा विचार करण्यास मला वेळ मिळाला नाही. जो प्रथम सुचला तो दिला. तोच का सुचला, याचा मी विचार करीत आहे. संस्थेनेही करावा, ही विनंती.'

मुख्याध्यापक वाचून घामाघूम झाले. "बाई, शेवटचं तेवढं काढा हो."

"काढते," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी 'ही विनंती' खोडलं.

त्या संध्याकाळी एसटी चुकली म्हणून मी त्यांना मोटरसायकलवर कापूरहोळपर्यंत सोडायला गेलो. एरवी मागे बसून रस्त्याकडेच्या प्रत्येक हॉटेलवाल्याची हकिकत सांगणाऱ्या बाई त्या दिवशी गप्प होत्या. फाट्यावर उतरल्या आणि म्हणाल्या, "विज्ञान, मी खरंच घाबरले आहे हो."

"मग ती ओळ ठेवलीत कशाला?"

"आधी घाबरले नव्हते. ती ओळ लिहिल्यावर घाबरले."

आठवडा गेला. काही आलं नाही. न येणं हे येण्यापेक्षा वाईट असतं. आणि मग एका गुरुवारी, तिसऱ्या तासाला, आबा न कळवता शाळेत आले. कार्यालयात न जाता काठी टेकत सरळ मागच्या बाजूला, मुलींच्या स्वच्छतागृहाकडे निघाले. मुख्याध्यापक धावत मागे, आम्ही त्यांच्या मागे. आबा बाहेर उभे राहिले, बाहेरच्या बेसिनचा नळ सोडला. नळाने एक सुस्कारा टाकला. पाणी नाही.

"आजच गेलंय साहेब," मुख्याध्यापक म्हणाले.

आठवीतली एक मुलगी बाटली घेऊन तिथून चालली होती. आबांनी तिला थांबवलं. "पोरी, हितं पानी कधी आल्तं?"

ती मुख्याध्यापकांकडे पाहायला लागली.

"त्यांच्याकडं बगू नगंस. माज्याकडं बग."

"मी शाळंत आल्यापास्नं न्हाई आलं," ती म्हणाली.

आबांनी नळ पुन्हा एकदा फिरवून पाहिला. मला तर दर मीटिंगला टाकी भरलेली सांगतात, म्हणून आज म्हटलं आपणच जाऊन बघावं, असं काहीतरी पुटपुटले. मग वळले आणि गर्दीत बाईंना शोधलं.

"बाई, मला एक सांगा. त्या शिंप्याला तर दिसत व्हतं. रोज टेप त्याच्या हातात. मग त्यानं त्याला खरं का न्हाई सांगितलं?"

सगळे बाईंकडे पाहायला लागले. बाई म्हणाल्या, "साहेब, त्याच्या घरी म्हातारी आई होती."

"हां." आबांनी मान हलवली. "आन तुमच्या घरी?"

"माझी आई वारली, साहेब. म्हणून जमलं."

आबांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येत नाही. पण त्यांनी काठी वर केली आणि बाईंकडे रोखली. "तुमचा खुलासा वाचला. आवाज बरा काडता. पर एक चुकतंय. म्या काठी दोनदा आपटतो, तुमी तीनदा आपटली."

बाई हसल्या. ते त्यांचं भिंत हलवणारं हसणं, इतके दिवस कोंडलेलं. आधी ती आठवीतली मुलगी हसली, मग आम्ही, आणि सगळ्यांत शेवटी, परवानगी मिळाल्यासारखे, मुख्याध्यापक. पुढच्या आठवड्यात नवी मोटर बसली. नळाला पाणी आलं त्या दिवशी पारूबाईने खिचडीऐवजी गोड भात केला. कुणी सांगितलं नव्हतं.

तोवर पिक्चरची ख्याती वेल्ह्यापर्यंत गेली होती. राजगडाच्या पायथ्याला पाली गावात आबांची थोरली बहीण, अक्का, दिलेली. तिने निरोप धाडला, की किकवीला दाखवला तो पालीला का नाही? मग एका रविवारी आम्ही आबांच्या जीपमधून निघालो. पुढे आबा, मागे बाई, मी, आणि माझ्या मांडीवर प्रोजेक्टर. नसरापूर, मार्गासनी आणि मग आत. दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना सतरंज्या ठोकल्या. गडावरून उतरलेली पुण्याची काही ट्रेकर मंडळीही सावलीसाठी आत येऊन पाठपिशव्यांवर बसली. अक्का सगळ्यांत पुढे, पाय लांब करून. बायकांचीच गर्दी जास्त.

बाईंनी माइक हातात घेतला, आबांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मूळ माणूस इथं बसलेला असताना मी कशाला नक्कल करू? आबा, साहेबांचं तुम्ही बोला. बाकीचे सगळे मी."

आबा आधी "हॅ" म्हणाले. मग उठले. बाई त्यांच्या कानाशी तोंड नेऊन खालची इंग्रजी ओळ मराठीत सांगायच्या आणि आबा ती आपल्या पद्धतीने ठोकून द्यायचे. काय सांगू! "परवाच्या तारखंचा हुकूम काडा" या वाक्याला काठी दोनदा, मोजून दोनदा आपटली, आणि पाली गाव लोटपोट झालं. अक्का डोळे पुसत ओरडली, "आरं, ल्हानपनापास्नं आसाच हाये ह्यो!"

ट्रेकरांपैकी एक चष्मेवाला तरुण मध्येच म्हणाला, "मॅडम, खाली वेगळं लिहिलंय."

"खाली लिहिलंय ते त्यांचं," बाई म्हणाल्या. "आम्ही बोलतोय ते आपलं."

मध्ये अक्काच्या शंका चालूच. ह्याला जेवायला कोण घालतंय? ह्याची आई कुठंय? ह्याला कुणी बहीण न्हाई का? बाई पिक्चर न थांबवता उत्तरं देत होत्या. रांगेच्या प्रसंगाला मात्र इथेही त्या गप्प राहिल्या, आणि इथेही कुणाला काही सांगावं लागलं नाही. एका बाईने पुढच्या बाईच्या खांद्यावर हात ठेवलेला मला दिसला.

शेवटी हुकूमशहा एकटा उरतो. गणवेश शिवून पूर्ण झालेला असतो, पण त्यात आता माणूस नावालाच असतो. शिंपी येत नाही. सेनापती पळालेले. तो तळघरातल्या खोल्यांतून फिरत एकेकाला नावाने हाक मारतो. बाईंनी आबांच्या कानात नावं सांगितली, पण आबांनी ती घेतली नाहीत. ते पडद्याकडे पाहत होते. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"कोन हाये का रं?" ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "हाये का कोन?"

कुणी हसलं नाही. अंधारात अक्काचा आवाज आला, अगदी घरातल्यासारखा, "हाये, हाये. म्या हाये. तू बस खाली आता, दमला आसशील."

आबा खरोखरच खाली बसले. तिच्याशेजारी, सतरंजीवर. बाईंनी माइक हळूच जमिनीवर ठेवला आणि तोंडाला पदर लावला. त्या रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही. दोन्ही असावं.

पिक्चरच्या शेवटच्या दृश्यात शिंप्याची बायको बाबागाडीत शिलाई मशिन घालून ती ढकलत शहराबाहेर जाते. धुकं असतं. संपलं. दिवे लागले तशी अक्काने विचारलं, "वाचली का ती?"

"वाचली," बाई ताबडतोब म्हणाल्या. "पुढच्या गावात पोचली, ओसरीवर मशिन मांडली, आणि पोरांचे शाळेचे ड्रेस शिवायला लागली. नवराही मागून आला."

चष्मेवाल्या तरुणाला राहवेना. "असं काहीच दाखवलेलं नाही. ओपन एंडिंग आहे मॅडम."

अक्का गर्रकन वळली. "तुला काय ठावं? तू काय तिच्यासंगं गेल्तास का?"

तो पोरगा इतका हसला की त्याला चष्मा काढावा लागला. अक्काने मग सगळ्या ट्रेकरांना घरी नेऊन पिठलं-भाकरी खाऊ घातली. परतताना जीपमध्ये आबांनी पुढे बघत बघत विचारलं, "दुकान चाललं का तिचं?" आणि बाईंनी नसरापूर येईपर्यंत त्या बाईचं दुकान, तिची गिऱ्हाइकं, तिच्या मुलीचं लग्न, सगळं सांगितलं. मी विज्ञानाचा माणूस. तरी मध्ये एकदा मी विचारलंच, "जावई काय करतो?"

दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या, आमच्याच शाळेतून. निरोपसमारंभात आबा बोलायला उठले आणि म्हणाले, की माझ्याकडं म्हणण्यासारखं काही नाही, बाईंनी सगळं म्हटलंय, माझ्याच आवाजात. पुढे वर्षभर बाई भोरलाच होत्या. मग मुलीने दोघांना कोल्हापूरला न्यायचं ठरवलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या जायच्या आदल्या आठवड्यात. तहसील कार्यालयात काम होतं म्हणून मी कापूरहोळला भोरची एसटी धरली होती. भाटघर मागे पडलं असेल नसेल, बस एकदम हळू झाली. मी मान वाकवून पुढे पाहिलं. रस्त्याच्या बरोबर मधून एक पांढरी स्कूटर चालली होती, मागे लाल रंगात शिकाऊचं 'एल'. चालवत होत्या मुलाणीबाई. पदर कमरेला खोचलेला, हेल्मेट जरा तिरकं, मागे मिस्टर भाजीची पिशवी छातीशी घट्ट धरून डोळे मिटून बसलेले. साठीला आलेल्या बाई गाडी शिकत होत्या, आणि मला हे माहीतही नव्हतं.

ड्रायव्हर त्यांचा विद्यार्थी. त्याने गिअर खाली टाकला आणि बस त्यांच्या मागे, अदबीने, चालीच्या वेगाने ठेवली. मागे टेम्पो, मोटारी, सगळे हॉर्न मारायला लागले. एक पॅसेंजर वैतागून म्हणाला, "काय झालंय? टाका की पुढं!"

कंडक्टर म्हणाला, "बाई शिकत्यात."

बाईंना वाटलं असावं, बस आपल्याला बिचकून मागे राहिलीये. त्यांनी डावा हात सोडला आणि 'जा, जा पुढं' अशी जोरात खूण केली. स्कूटर डगमगली. अख्खी बस एका आवाजात ओरडली, "बाई, हात! हात!" बाईंनी हात परत हँडलवर ठेवला. त्यांचे खांदे हलताना दिसले. त्या हसत होत्या. आवाज काही मागच्या हॉर्नांत ऐकू आला नाही.

भोरचा स्टँड येईपर्यंत ड्रायव्हरने एकदाही हॉर्न वाजवला नाही.